मदत हवी आहे: 2011 च्या झेनॉन पिकअपचा बंद पडलेला एसी पुन्हा सुरू करायचाय

संत्रावाला:

मंडळी, राम राम. वरूडकडे संत्र्याची बाग आहे. बागेच्या कामासाठी सेकंडहँड टाटा झेनॉन घेतली, डबल केबिन, 2011 चं मॉडेल. इंजिन ठणठणीत आहे, पण एसी आधीच्या मालकानं कधीचाच सोडून दिलेला. कुठल्याशा ठोकाठोकीत गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरकडचा पाइप तुटला, तेव्हा त्यानं एसीचा बेल्ट काढून ठेवला आणि पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरानं बांधून दिली. मी पिशवी सोडली तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं! म्हणजे सिस्टिम किती वर्षं उघडी होती ते तुम्हीच समजून घ्या.

वडिलांना दर महिन्याला काटोलमार्गे नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत काम झालं तर बरं.

दोन मिस्त्री, दोन मतं. गावातला म्हणतो, "पाइप टाकतो, गॅस मारतो, साडेचार हजारात थंडगार." अमरावतीचा म्हणतो, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, केबिनला गारवा देणारी कूलिंग कॉइल, ओलावा टिपणारा ड्रायर सगळं बदला, 38 हजार. मला दोन्ही पटत नाही. पहिला फारच स्वस्तात सुटतोय, आणि दुसऱ्यानं तर बॉनेटसुद्धा न उघडता आकडा सांगितला.

मी घरी जेवढं बघता येईल तेवढं बघितलं. कॉम्प्रेसरची क्लच प्लेट (बेल्टची ताकद कॉम्प्रेसरला जोडणारी) हातानं गुळगुळीत फिरते, कुठं अडकत नाही. क्लचला थेट बारा व्होल्ट दिले की टक् करून ओढतो, कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर 3.7 ओम येतो. कॉम्प्रेसर खाली काढून उलटा केला, दोनेक चमचे तेल आलं. रंग चहासारखा, पण पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात बघितलं तर धातूची चमक काही दिसली नाही. कंडेन्सरच्या खालच्या भागातल्या जाळ्या प्रेशर वॉशरनं आडव्या झाल्यात आणि एका कोपऱ्यात तेलकट डाग आहे. ब्लोअर चौथ्या नंबरवरही हवा जेमतेम फेकतो. ग्लोव्ह बॉक्स काढला तर उंदरांनी कापूस आणि कागद भरून ठेवलेला. प्रेशर स्विचची (गॅसचा दाब बिघडला की एसी थांबवणारा) वायर त्यांनीच कुरतडली असावी. ती जोडली.

आता विचारायचं ते असं. हा कॉम्प्रेसर ठेवावा का? कूलिंग कॉइल बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, ते खरंच गरजेचं आहे? आणि गावातला मिस्त्री जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं व्हॅक्यूम मारतो (आतली हवा-ओलावा ओढून काढतो), तेवढं पुरतं का?

उन्हाळी_पाहुणा:

ओला गमछा आणि चारही काचा खाली. गॅस लागत नाही, लीक होत नाही. :)

पान्हापेटी:

संत्रावाला भाऊ, निम्मं काम तुम्ही केलंच आहे. तेल काळं नाही आणि त्यात चुरा नाही, म्हणजे कॉम्प्रेसर आतून खाल्लेला नाही. ठेवा. फक्त वर्षानुवर्षं न फिरलेल्या कॉम्प्रेसरचं पुढचं शाफ्ट सील कोरडं पडतं आणि गॅस भरला की तिथूनच जातो. सील किट मिळतं, ते आत्ताच टाकून घ्या. जुनं तेल पूर्ण काढा. पीएजी तेल (एसी कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल) हवेतला ओलावा ओढतं, त्या ओलाव्यातून आत आम्ल तयार होतं. नवं तेल कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलंय त्याच ग्रेडचं आणि मोजून घाला.

कंडेन्सर मात्र नवाच. त्याच्या नळ्या इतक्या बारीक असतात की आत गेलेली माती फ्लशिंगनं पूर्ण निघत नाही. भंगारातला तर मुळीच नको. ड्रायर नवा लागणारच, पण त्याची टोपणं सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या जरा आधी काढा. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि सगळे ओ-रिंगही नवे घ्या, फार महाग नसतात.

डॅशबोर्डला इतक्यात हात लावू नका. कूलिंग कॉइलचे दोन्ही पाइप बॉनेटच्या बाजूनं सुटे करा, तोंडं बंद करा आणि फक्त कॉइलमध्ये दहा बारपर्यंत नायट्रोजन भरून रात्रभर ठेवा. दाबाचा काटा हलला नाही तर कॉइल शाबूत. मग ग्लोव्ह बॉक्समधून कचरा काढून, फोम मारून, पाणी जायची नळी मोकळी केली की हवा नीट येईल. काटा पडला तरच डॅशबोर्ड. कंप्रेस्ड हवेनं टेस्ट करू देऊ नका, त्यातही पाणी असतं.

फ्रिजचा कॉम्प्रेसर हवा ओढतो, पण पाणी उकळेल इतका खोल व्हॅक्यूम आणि तोही तासभर धरणं त्याच्याकडून होत नाही. तुमच्या सिस्टिममध्ये पाऊस-पाणी, माती सगळं जाऊन आलंय. टू-स्टेज पंप असलेला एसीवाला गाठा. दुपारी गाडी तापलेली असताना पंप लावा, पाणी लवकर निघतं. पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा बघत बसा. मिस्त्री चहाला गेला तरी तुम्ही बसा.

दर्यावर्दी:

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. गॅस कुठला भरतोय ते डोळ्यांनी बघा. तुमच्या गाडीला आर-134ए लागतो. स्वस्तात मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये कधी एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस असतो, कधी भलतंच मिश्रण. 2011 मध्ये जहाजानं जाणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये नकली 134ए भरल्यानं स्फोट होऊन माणसं दगावली होती. त्यात मिथाइल क्लोराइड होतं, ते ॲल्युमिनियमशी रिॲक्ट होतं. सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि प्रेशर स्विच बायपास करून "चालू करून दाखवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

संत्रावाला:

पान्हापेटी दादा, फार उपकार झाले. कॉइलची टेस्ट करून घेतली. संध्याकाळी भरलेला नायट्रोजन सकाळी तसाच होता, तेव्हा डॅशबोर्ड वाचला. पाण्याच्या नळीत चिखल बसला होता, तार घालून मोकळी केली. कंडेन्सर आणि ड्रायर नागपूरहून मागवलाय. सील किट मिळालं. पंपवाला परतवाड्याचा ठरला, त्याच्याकडे वजनकाटाही आहे.

अडलंय एकाच गोष्टीवर. गॅस वजनावर भरायचा म्हणतो, पण बॉनेटखालचा स्टिकर पार पुसलाय. कोणाकडे 2.2 डायकॉर (डिझेल इंजिन) झेनॉन, डबल केबिन असेल तर कृपया स्टिकरचा फोटो टाका. वजन आणि तेलाचा ग्रेड, दोन्ही दिसू द्या.