दोन मशीनची बोट, उजवं मशीन चार मिनिटांत बसतं. काय तपासू?

देवबागचो_बाबू

नमस्कार मंडळी. बोट फायबरची, २६ फूट. मागे ६० हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, इंजेक्शनवाली, दोन्ही एकदमच घेतलेली, सात वर्षं झाली. धंदा डॉल्फिन दाखवायचा. पाणी निवळलं की डायव्हिंगवाल्यांना घेऊन निवतीच्या बाजूलाही जातो. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणून मेअखेरीस बोट वर ओढून झापांखाली ठेवली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, सप्टेंबरात बोट पाण्यात घातली आणि तेव्हापासून उजव्या मशीनने छळ मांडलाय.

खाडीतून संगमापर्यंत, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत, काही नाही. बाहेर पडून वेगाचे दोन्ही दांडे पुढे केले की दोन्ही मशीनं ५४०० आरपीएमला जातात. तीन-चार मिनिटांनी उजवं ४५००, मग ३८००, आणि अडखळायला लागतं. दांडा मागे घेऊन मिनिटभर थांबलो की जणू काही झालंच नाही. पुन्हा पुढे, पुन्हा तेच. डावं ठणठणीत. भोंगा नाही, दिवा नाही. मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार जोरात, हाताला कोमट.

एका मिस्त्र्याने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, पाइपातून हवा मारून बघितली, साडेसात हजार घेतले. फरक शून्य. आता म्हणतो मशीनमधला पेट्रोल पंप गेला, मागवूया. किंमत ऐकून मी चहा अर्धा ठेवून उठलो.

पेट्रोलचा दोष नसणार असं मला वाटतं, कारण डेकखाली टाकी एकच, दीडशे लिटरची. डावं तेच पेट्रोल पितं. दिवाळीचे पर्यटक तोंडावर आलेत, आणि बारा माणसं घेऊन एका मशीनवर संगमावरच्या लाटेत शिरायची माझी तयारी नाही.

हर्णै_खलाशी

पंखा बघितलास का? आमच्या पंख्यात एकदा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, गुंडाळला होता, दोन दिवस कळलं नाही. नाहीतर आतलं रबरी बुश सुटलं असेल. तळाला शिंपले बसले असतील तर तेही खरवडून घे.

मिरकरवाडा_मशीनवाला

पंखा बघायला पैसे पडत नाहीत, बघून घे. पण बुश सुटलं तर आरपीएम चढतो आणि बोट पुढे जात नाही. बाबूचं उलट आहे, आरपीएमच खाली येतोय. तंगूस मिनिटभर थांबल्याने सुटत नाही. आणि शिंपले काय फक्त उजव्या बाजूला बसतात?

मशीन तापलं किंवा ऑइलचं प्रेशर गेलं तर ते स्वतःच आरपीएम पाडतं, पण सोबत भोंगा वाजतो. इथे भोंगा नाही. जोर लावला की थोड्या वेळाने बसतं, विसावा दिला की उठतं, ही लक्षणं उपाशी मशीनची. ६० चं मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण वीस लिटर पितं, खाडीतल्या संथ चालीला दोन-तीन लिटरच्या वर नाही. तेवढं अर्ध्या बुजलेल्या पाइपातूनही येतं. मशीनमध्ये पेट्रोलचं छोटं भांडं असतं, ते रिकामं होईपर्यंत चालतं, मग मार खातं.

आता टाकीचं. विहीर एक असली तरी दोन घरांचे राहाट आणि दोर वेगळे असतात ना? टाकीतली नळी, तिच्यावरचा उलटा प्रवाह अडवणारा वाल्व, पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा पाइपातला रबरी फुगा, हे सगळं प्रत्येक मशीनचं वेगळं. दोघांचं सामाईक काय, तर टाकीचा हवेचा व्हेंट. तो बुजला असता तर दोन्ही मशीनं रडली असती.

नवीन काही विकत घेऊ नकोस. डावं मशीन हेच तुझं मोजमापाचं यंत्र आहे. माणसं न घेता, शांत पाण्यात, संगमापासून लांब जा. कोणाला तरी उजवा फुगा हातात धरून बसव. आरपीएम पडायला लागला की फुगा कसा लागतो ते बघा. चपटा झाला तर फुग्याच्या आधी, टाकीच्या बाजूला अडथळा. फुगा गोल पण मऊ, आणि दाबल्यावर मशीन सावरलं, तर हवा शिरतेय किंवा टाकीतून पेट्रोल ओढणारा मशीनवरचा लिफ्ट पंप थकलाय. फुगा कडकच राहिला तर मात्र मशीन उघडावं लागेल.

मग मशीनं बंद करून दोन्हींचे पाइप मशीनच्या तोंडाशी अदलाबदल कर. रोग डाव्यात गेला तर उजवं मशीन निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि तोवर उजव्याला फुल देऊन ताणू नकोस. पेट्रोल कमी पडलेलं मशीन आतून तापतं, पिस्टन घालवून बसशील.

देवबागचो_बाबू

आज सकाळी भाच्याला घेऊन गेलो. त्याला मागे फुग्यावर बसवला. चौथ्या मिनिटाला ओरडला, "मामा, फुगो चपटो झालो!" अगदी पापडासारखा. पाइप अदलाबदल केले, जेमतेम पुरले. डावं मशीन चौथ्या मिनिटाला बसलं आणि उजवं खुशाल ५४०० वर. सात वर्षांत डाव्याला असं खोकताना पहिल्यांदा ऐकलं, पण आनंद झाला.

म्हणजे पंप मागवायचा नाही. पण टाकीच्या बाजूला अडलंय तरी काय? फिल्टर दोन्ही या महिन्यातच बदललेत. आणि मिस्त्र्याने हवा मारली तेव्हा पाइप मोकळा होता, मी समोर उभा होतो.

निवृत्त_चीफ_अलिबाग

हवा कुठल्या दिशेने मारली? दाबाने हवा मारल्यावर पाइप फुगतो आणि आतलं सगळं बाजूला सरतं. मशीन पाइप फुगवत नाही, ओढतं. जहाजावर आम्ही शिकाऊ पोरांना हाच फरक पहिल्यांदा शिकवायचो, आणि तरी ते विसरायचे.

उजव्या बाजूचा पाइप कधी बदलला होता का? आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. साध्या रबरी पाइपाचं आतलं अस्तर त्याने सुटतं, आणि सुटलेली जीभ ओढ लागली की आत बसते, ओढ थांबली की पुन्हा उघडते. फिल्टरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन तासभर ठेवा. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली असेल तर तळाला पाण्याचा थर दिसेल. इथेनॉल दमट हवेतला ओलावा शोषतं, आणि तो फार झाला की पाणी-अल्कोहोल मिळून खाली बसतं.

पाइप कापण्याआधी डेकचं झाकण उघडून वाफ जाऊ द्या, बॅटरी तोडा. विडी किनाऱ्यावर.

देवबागचो_बाबू

चीफसाहेब, दंडवत. उजवा पाइप तीन वर्षांपूर्वी उंदराने कुरतडला म्हणून बाजारातून मीटरवर घेऊन टाकला होता. डावा अजून बोटीबरोबर आलेलाच आहे. उजवा नवा, म्हणून त्याच्यावर संशयच गेला नाही!

उभा चिरला. बाहेरून चकचकीत काळा, आतून अस्तर सापाच्या कातीसारखं सुटलेलं, वाल्वपासून वीतभर अंतरावर दुमडून बसलेलं. तोंडाने फुंकलं की वारा जातो, ओढलं की जिभेला चिकटल्यासारखं बंद. भाच्याने दहा वेळा ओढून बघितलं, शेवटी त्याच्या हातातून काढून घेतला. तोंडाला पेट्रोल, आणि बहीण मला बोलणार.

बरणीत बोटभर पाणी निघालं तेही खरंच. टाकी उपसली. दोन्ही बाजूंना आयएसओ ७८४० छापलेला, बोटीच्या इंधनासाठीचाच पाइप घातला, डावा चांगला होता तरी. काल बोट रिकामीच नेली, वीस मिनिटं सलग पूर्ण वेगात, दोन्ही काटे जोडीने. येताना भोगव्यासमोर डॉल्फिन दिसले, पण दाखवायला बोटीत कोणी नव्हतं.

मिस्त्र्याचा आत्ताच फोन येऊन गेला. पंपाची ऑर्डर देऊ का, विचारत होता.

हर्णै_खलाशी

पंखा बघितलास की नाही शेवटी?

देवबागचो_बाबू

बघितला रे. तंगूस होता थोडा. डाव्याला.