एफएमजीई : बायोकेमिस्ट्रीच्या १७ गुणांसाठी उजळणी किती आणि कशी करावी?

प्रश्न : गोदाकाठची परीक्षार्थी

सर्वांना नमस्कार. मी किर्गिझस्तानातून वैद्यकीय पदवी घेऊन गेल्या वर्षी परत आले असून सध्या नांदेडला घरी राहून एफएमजीईच्या (परदेशी वैद्यकीय पदवीधरांना भारतात परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करीत आहे. पहिल्या प्रयत्नात ३०० पैकी १४१ गुण मिळाले, म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या १५० पर्यंत पोहोचायला नऊ कमी पडले. घरी आल्यावर आठवले तेवढे प्रश्न वहीत उतरवून काढले, तेव्हा बायोकेमिस्ट्रीतले जेमतेम पाच बरोबर आले असावेत असे दिसले. हा विषय मी पहिल्या वर्षात शिकले आणि त्यानंतर सहा वर्षे त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

आता रोज सकाळी क्रेब्स चक्र आणि ग्लायकोलिसिस हे पेशीत साखरेपासून ऊर्जा मिळवण्याचे मार्ग कोऱ्या कागदावर लिहून काढते. सोमवारी सगळे बाण जागेवर येतात आणि गुरुवारपर्यंत सक्सिनेट आधी की फ्युमरेट, इथपासून गोंधळ सुरू होतो. परीक्षेला चार महिने आहेत. या विषयाला किती दिवस द्यावेत, काय सोडून दिले तर चालेल आणि हे मार्ग खरोखर तोंडपाठ असावे लागतात का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : तिसऱ्या प्रयत्नातला इंटर्न

ताई, मी तिसऱ्या प्रयत्नात सुटलो, त्यामुळे माझा सल्ला टॉपरचा नाही, काठावर पास झालेल्याचा आहे. बायोकेमिस्ट्रीला १७ गुण आहेत, ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीइतकेच. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीला प्रत्येकी १३ आहेत. तरीही विषय रटाळ म्हणून सगळे तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मीही दोनदा ढकलला.

माझ्या मते दहा दिवस पुरेत. जीवनसत्त्वे व त्यांच्या अभावाचे आजार, ग्लायकोजेन आणि लायसोसोमचे साठवणुकीचे आजार, एन्झाइमच्या वेगाच्या आलेखातले केएम (निम्म्या वेगाला लागणारे द्रव्याचे प्रमाण) आणि व्हीमॅक्स (कमाल वेग), आणि प्रत्येक मार्गाचा वेग ठरवणारे एन्झाइम, एवढे एका तक्त्यात मांडा आणि तो तक्ता रोज झोपण्यापूर्वी एकदा नजरेखालून घाला. ग्लायकोलिसिस म्हणजे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१, कोलेस्टेरॉल म्हणजे एचएमजी कोए रिडक्टेज, हीम म्हणजे एएलए सिंथेज, युरिया चक्र (अमोनियाचा युरिया करणारा मार्ग) म्हणजे कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. बाकी वेळ मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोगाला द्या. पासाचे गणित तिथे सुटते.

उत्तर २ : बायोकेमिस्ट्री शिकवणारी

वरील उत्तरातील दिवसांचा हिशेब मला मान्य आहे. दहाचे पंधरा करा, पण त्यापेक्षा जास्त देऊ नका. तक्त्याविषयी मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. 'युरिया चक्र म्हणजे कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज' असे लिहिताना त्यापुढचा 'एक' हा आकडा गळला, आणि परीक्षक नेमका तोच आकडा विचारतात. क्रमांक एकचे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियात असते, अमोनिया वापरते आणि एन-ॲसिटिल ग्लुटामेटशिवाय चालत नाही; क्रमांक दोनचे पेशीद्रवात असते, ग्लुटामिन वापरते आणि पिरिमिडिन (डीएनए-आरएनएचा घटक) तयार करण्याच्या कामी येते. हे केवळ पाठ केले तर चौथ्या दिवशी उलटसुलट होईल. त्याऐवजी एक बाळ डोळ्यांसमोर आणा. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत दूध ओढेनासे झालेला, सुस्त पडलेला मुलगा, रक्तात अमोनिया भरमसाट आणि लघवीत ओरोटिक आम्ल. युरिया चक्रातले पुढचे एन्झाइम, ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज, नसल्यामुळे कार्बामॉइल फॉस्फेट मायटोकॉन्ड्रियात तुंबले, तिथून बाहेर पाझरले आणि पिरिमिडिनच्या वाटेला लागले, म्हणून ओरोटिक आम्ल वाढले. हाच अमोनिया वाढलेला असून ओरोटिक आम्ल नसेल, तर अडथळा एक पायरी आधी, क्रमांक एकवरच आहे. आणि ओरोटिक आम्ल आहे, अमोनिया मात्र नेहमीसारखा आणि सोबत मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया आहे, तर दोष पिरिमिडिनच्याच वाटेवर आहे. एकदा असे तुंबणे पाहिले की दोन्ही एन्झाइमे आपापल्या जागी राहतात.

मार्ग तोंडपाठ हवेत का, असे आपण विचारले आहे. सगळे बाण नकोत. प्रत्येक मार्गासाठी तो कोठे चालतो, केव्हा चालतो, कोणती पायरी उलट फिरत नाही आणि तिथे अडले तर मागे काय साचते व पुढे कशाचा तुटवडा पडतो, एवढे सांगता आले पाहिजे. सक्सिनेट आधी की फ्युमरेट यावरून आपण नापास झालेला नाहीत.

सुरुवात क्रेब्स चक्रापासून न करता उपासापासून करा. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तेव्हा यकृताच्या लेखी तो उपास नव्हेच. खरा उपास निर्जळीचा. रात्रीच्या जेवणानंतर काही तासांनी इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते आणि यकृतातले ग्लायकोजेन साधारण बारा ते अठरा तास साखर पुरवते. त्यानंतर मुख्य भार ग्लुकोनिओजेनेसिसवर, म्हणजे इतर पदार्थांपासून नवी साखर बनवण्यावर, येतो. चरबीतून आलेल्या ॲसिटिल कोएपासून साखर होत नाही, पण तेच ॲसिटिल कोए ग्लुकोनिओजेनेसिसच्या पायरुव्हेट कार्बोक्सिलेज या एन्झाइमला जागे करते, आणि जे उरते त्याच्या कीटोन बॉडीज (साखरेऐवजी चालणारे इंधन) होतात. लाल पेशींना मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे त्यांना कीटोन चालत नाहीत. त्यांचा हट्ट अखेरपर्यंत साखरेचाच. यासोबत एक खूणगाठ बांधून ठेवा. ग्लुकागॉनच्या राज्यात एन्झाइमांवर फॉस्फेट चढतो आणि उपासाची एन्झाइमे, उदाहरणार्थ ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज, कामाला लागतात. इन्सुलिनच्या राज्यात तो उतरतो आणि साठवणारी एन्झाइमे जागी होतात.

आता या चित्रात एकेक अडथळा घालून पाहा. सहा महिन्यांचे बाळ पहाटे झटके येऊन दाखल होते, पोट यकृतामुळे फुगलेले, गाल बाहुलीसारखे, रक्तात साखर कमी आणि लॅक्टेट, युरिक आम्ल व ट्रायग्लिसराइड वाढलेले. ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही, म्हणून ग्लुकोज-६-फॉस्फेट यकृतात कोंडले गेले. ते खाली ग्लायकोलिसिसमध्ये उतरते तेव्हा लॅक्टेट वाढते. पेंटोज फॉस्फेटच्या आडवाटेने जाते तेव्हा प्युरिन आणि पर्यायाने युरिक आम्ल वाढते, शिवाय वाढलेले लॅक्टेट मूत्रपिंडात युरिक आम्लाची वाट अडवते. हा फॉन गिर्केचा आजार. ग्लायकोजेन साठवणुकीच्याच दुसऱ्या एका, कोरीच्या, आजारात यकृत असेच मोठे होते, पण ग्लुकोनिओजेनेसिस शाबूत असल्यामुळे लॅक्टेट वाढत नाही. फॉन गिर्केच्या थोड्या मोठ्या मुलांना रात्री न शिजवलेले कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून का देतात, हे आता आपल्याला कोणी सांगायची गरज नाही: ते आतड्यात सावकाश पचते आणि साखर तासन्‌तास थोडी थोडी रक्तात येत राहते.

उत्तर ३ : नंदुरबार, प्राथमिक आरोग्य केंद्र

मॅडमच्या उत्तरात प्रथिने आणि हिमोग्लोबिन राहिले, म्हणून लिहितो. आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण रोजचेच, त्यामुळे परीक्षेतला हा एक प्रश्न मला पुस्तकापेक्षा ओपीडीने शिकवला. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करणारी चाचणी) पट्टीचे चित्र दिले की हात थबकतो. आम्लारियुक्त माध्यमात हिमोग्लोबिन ऋणभारित असते आणि धन टोकाकडे धावते. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार गेला आणि त्याच्या जागी भाररहित व्हॅलिन आले, म्हणून एस (सिकलसेलचे हिमोग्लोबिन) हा ए (नेहमीचे हिमोग्लोबिन) पेक्षा मागे राहतो. हिमोग्लोबिन सी मध्ये त्याच जागी धनभारित लायसिन असते, त्यामुळे तो त्याहून मागे. वाहक व्यक्तीत ए आणि एस असे दोन्ही पट्टे दिसतात आणि ए चा पट्टा अधिक ठळक असतो. विद्राव्यता चाचणी रुग्ण आणि वाहक यांत फरक करीत नाही, म्हणूनच ती सकारात्मक आलेल्या माणसाची पुढची तपासणी करावी लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. इंटर्न दादांचा तक्ता भिंतीवर लावला आहे. फक्त त्याच्या शेजारी 'कोठे' आणि 'अडल्यास काय साचते' असे दोन रकाने वाढवले. मॅडमच्या पद्धतीने काल एक प्रश्न स्वतः सोडवून पाहिला, तो बरोबर आहे का ते कृपया तपासावे. दोन दिवस न जेवता सतत दारू प्यायलेला माणूस बेशुद्धावस्थेत आणला असून त्याची साखर ३८ आहे. अल्कोहोल मोडताना एनएडीएच (हायड्रोजन वाहणारा रेणू) साचते. त्याच्या रेट्यामुळे पायरुव्हेटचे लॅक्टेट आणि ऑक्झॅलोॲसिटेटचे मॅलेट होते, म्हणून ग्लुकोनिओजेनेसिसला कच्चा माल उरत नाही. उपाशी असल्यामुळे ग्लायकोजेन आधीच संपले आहे, तेव्हा ग्लुकागॉनचे इंजेक्शनही उपयोगी पडणार नाही आणि ग्लुकोजच द्यावे लागेल.

उत्तर ४ : बायोकेमिस्ट्री शिकवणारी

तर्क बरोबर आहे, आणि ग्लुकागॉनचा मुद्दा आपण न विचारता मांडलात याचे विशेष कौतुक वाटते. एकच दुवा राहिला. अशा माणसात थायामिनची (ब-१ जीवनसत्त्व) कमतरता गृहीत धरावी लागते, आणि पायरुव्हेट डीहायड्रोजेनेज व अल्फा-कीटोग्लुटरेट डीहायड्रोजेनेज ही दोन्ही एन्झाइमे थायामिनवर चालतात. नुसते ग्लुकोज ओतले तर त्या वाटांवरचा भार वाढून वेर्निकेचा मेंदूचा आजार उद्भवू शकतो. म्हणून थायामिन आधी किंवा ग्लुकोजच्या सोबतच द्यायचे. परीक्षेच्या पर्यायांत 'आधी थायामिन' असे उत्तर बहुधा अपेक्षित असते. प्रत्यक्षात साखर ३८ दिसत असताना थायामिनच्या बाटलीची वाट पाहत ग्लुकोज रोखून धरायचे नाही. आपल्या तिसऱ्या रकान्यात थायामिनसमोर ट्रान्सकिटोलेजही लिहून ठेवा, कारण थायामिनची कमतरता तपासताना लाल पेशींतील त्याच एन्झाइमची क्रियाशीलता मोजतात.