डार्गरची चित्रं हलवायला हवी होती का?
हेन्री डार्गर या चित्रकार-लेखकावरच्या जेसिका यू यांच्या २००४ च्या माहितीपटात त्याच्या कादंबरीची चित्रं ॲनिमेशननं हलती केल्यामुळे तिची गोष्ट पोचते, असं एक मत आहे; ते मला निम्मंच पटतं. गोष्ट पोचते, पण चित्र निवांत बघायला सवडच मिळत नाही. शिकागोच्या इस्पितळात सफाईकाम करणारा हा माणूस मासिकांतल्या, कॉमिक्समधल्या मुली गिरवून घ्यायचा, हव्या त्या मापात मिळाव्यात म्हणून फोटो मोठे करून आणायचा. म्हणून एकच मुलगी एकाच चित्रात तीन-चार ठिकाणी भेटते, फ्रॉक तेवढा वेगळा. कागद जोडून केलेली काही चित्रं दहा फुटांहून लांब, शिवाय पाठपोट रंगवलेली! हा आवाका पडद्यावर पार हरवतो.

मात्र समीक्षकांना न बसवता शेजाऱ्यांना बोलतं केलं, हे फार मोलाचं. १५,००० पानांहून मोठी कादंबरी लिहिणारा माणूस भिंतीपलीकडे राहत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. घरमालक नेथन लर्नर यांना हा खजिना सापडला तो १९७२ च्या सुमारास, डार्गरच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमकडे त्याची बरीच चित्रं आहेत. माहितीपटानंतर तीही जरूर बघा, एकेका कोपऱ्यावर थांबून.