वीस वर्षांनी विकसनशील देशांतलं सरकार कसं असेल?

फाइलबंद:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय. या देशांतलं सरकार म्हटलं की काय आठवतं, तर खिडकी, रांग, शिक्का आणि 'साहेब जागेवर नाहीत'. आता हे सगळं हळूहळू मोबाइलमध्ये शिरतंय, मग पुढे सरकार म्हणून नक्की काय उरणार? राजधानीची पकड सुटून कारभार खाली जाईल का उलट अजून घट्ट होईल? 'भ्रष्टाचार संपला की सगळं ठीक' टाइप उत्तरं नकोत प्लीज.

सावकाश:
मोबाइलला नावं ठेवू नका हो. टोगो बघा, पश्चिम आफ्रिकेतला एवढासा देश. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत त्यांनी 'नोव्हिसी' योजना काढली, साध्या बटणांच्या फोनवरून एक कोड फिरवायचा, मतदार कार्डाचा नंबर टाकायचा, बसत असाल तर पैसे थेट मोबाइल वॉलेटमध्ये. ना फॉर्म, ना शिफारस. राजधानी लोमेच्या भागात बायकांना महिन्याला १२,२५० फ्रँक आणि पुरुषांना १०,५००, हे मला फार आवडलं. पुढे खेड्यांमध्ये तर गरीब कोण हे उपग्रहाचे फोटो आणि फोनच्या वापराचा डेटा बघून कॉम्प्युटरने ठरवलं.

निशाचर७:
सावकाश, खरी गोम तिथेच आहे आणि तुम्ही तिथेच थांबलात. कॉम्प्युटरने ठरवलं म्हणजे कोणी ठरवलं? घरात एकच फोन आणि तो चौघं वापरतायत, तर त्या डेटावरून माणूस खातापिता दिसणार नाही कशावरून? खिडकीतला कारकून कितीही माजोरडा असला तरी त्याच्याशी भांडता यायचं, नाहीतर चिरीमिरी देऊन सुटता यायचं, मशीन 'अपात्र' म्हणालं की विषय संपला. ओळख पटवायच्या मशीनवर, आयुष्यभर दगडमातीत काम केलेल्या माणसाला बोटाचा ठसा देताना बघितलंय का कधी? बोट पुसतो, ओलं करतो, परत ठेवतो, दुसरं बोट लावून बघतो आणि मागची रांग त्याच्यावरच वैतागते. माझं म्हणाल तर पुढचं सरकार म्हणजे यादी आणि यादी ज्याच्या हातात तो राजा.

खडूस_मास्तर:
याद्या करत बसा, त्यातल्यांना द्यायला पैसा कुठून आणणार? झांबियाने २०२० मध्ये कर्जापुढे हात टेकले, श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये, घानाने त्याच वर्षी डिसेंबरात. एकदा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी कर्ज घेऊन दारात आला की कुठला कर वाढवायचा हे एकट्या मंत्रिमंडळाच्या हातात राहत नाही. आणि लोकही आता ऐकून घेत नाहीत. केनियात २०२४ च्या वित्त विधेयकाच्या मूळ मसुद्यात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट होता, कोणीतरी ते अख्खं विधेयक चॅटबॉटमध्ये घातलं आणि पोरं त्याला विचारायला लागली की यातला कुठला कर माझ्या बोडक्यावर बसणार. ब्रेडचा व्हॅट आधीच मागे घेतला तरी २५ जूनला लोक संसदेत घुसले, माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो म्हणाले सही करत नाही. 'बजेट तुम्हाला कळत नाही' हे सरकारांचं जुनं चिलखत होतं, ते गेलं.

निशाचर७:
आणि नेपाळ? सप्टेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियावर बंदी घातली, त्यावरून सरकारच पडलं आणि हंगामी पंतप्रधान कोण यावर पोरांनी डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मतदान घेतलं! सुशीला कार्की खरंच पंतप्रधान झाल्या. आता डिस्कॉर्डवर नेपाळातून कोण होतं आणि बाहेरून कोण, ते देव जाणे.

सावकाश:
मूळ प्रश्नातलं कारभार खाली जाण्याचं राहिलंच. इंडोनेशियाने २००१ मध्ये एका झटक्यात जिल्ह्यांना अधिकार दिले, केनियात २०१० च्या घटनेने ४७ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आल्या आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांना द्यावाच लागतो. खाली छोटे संस्थानिक तयार होतात हे मान्य, पण त्यांचं घर कुठे आहे ते लोकांना माहीत असतं :)

फाइलबंद:
हाहा, हे पटलं. पण निशाचर, यादीतून नाव गेलं तर दाद मागायची कुठे? कुठे कोणी कोर्टात गेलंय का?

निशाचर७:
गेलेत की, परत केनियाच. हुडुमा नांबा म्हणून सगळ्यांचा एकच ओळख क्रमांक आणत होते, त्याविरुद्ध तिथल्या नुबियन या अल्पसंख्य समाजाची माणसं कोर्टात गेली. त्यांना साधं ओळखपत्र काढतानाच इतरांपेक्षा जास्त चौकशीतून जावं लागायचं, म्हणजे कागद नाही म्हणून नंबर नाही आणि नंबर नाही म्हणून काहीच नाही. जानेवारी २०२० मध्ये हायकोर्ट म्हणालं आधी धड कायदेशीर चौकट करा, मग २०२१ मध्ये डेटा संरक्षणाचं मूल्यमापन केलं नाही म्हणून कार्डवाटपच बेकायदा ठरवलं. पुढे सरकार बदललं आणि २०२३ मध्ये जवळजवळ तीच गोष्ट माइशा नांबा या नावाने परत आली.