दोन फोल्डरमध्ये एकाच नावाची हेडर फाइल, जीसीसी (सीचा कंपायलर) दुसरी घेतच नाही

घाटकोपरकर:
कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय, परवा सबमिशन आहे. सेन्सर आणि डिस्प्ले असे दोन फोल्डर, पहिलं माझं, दुसरं पार्टनरचं, आणि दोघांनीही आपापल्या फोल्डरात कॉन्फिग डॉट एच ठेवलीय. मेनमध्ये हॅश इन्क्लूड (दुसरी फाइल आत घेणारी ओळ) करताना फोल्डरसकट नाव दिलंय, डबल कोट्समध्ये, आधी सेन्सरची मग डिस्प्लेची. तरी एरर येतो की डिस्प्लेमधला स्क्रीन विड्थ डिक्लेअरच केलेला नाही. ओळींची अदलाबदल केली की तो सापडतो पण माझा बॉड रेट गायब! एका नावाची एकच फाइल चालते असा काही नियम आहे का?

ठाणेकर:
असा नियम नाही रे. डबल कोट्स असतील तर जीसीसी आधी ज्या फाइलमध्ये ती इन्क्लूडची ओळ आहे तिच्याच फोल्डरात बघतो (टर्मिनल जिथे उघडलाय तिथे नाही, इथेच बरेच जण फसतात), मग मायनस कॅपिटल आय लावून दिलेले फोल्डर दिलेल्या क्रमाने, शेवटी सिस्टीमचे. पहिली सापडली की शोध बंद, पुढे त्याच नावाची अजून एक आहे हे तो सांगतही नाही. अँगल ब्रॅकेट असतील तर स्वतःचं फोल्डर वगळतो. मायनस कॅपिटल एच टाकून कंपाइल कर, उघडलेल्या प्रत्येक हेडरचा पाथ दिसेल.

घाटकोपरकर:
केलं. दोन्ही पाथ दिसतायत, सेन्सरचाही आणि डिस्प्लेचाही. म्हणजे फाइल उघडतोय पण आतलं घेत नाही??

गिरगावकर:
मग शोधात काही चुकलेलं नाही, गार्ड बघ, म्हणजे एकच हेडर दोनदा आत येऊ नये म्हणून तिच्याभोवती घातलेली इफनडेफ ते एंडिफची अट. दोन्ही फाइल्सच्या अगदी वर इफनडेफनंतर काय लिहिलंय?

घाटकोपरकर:
दोन्हीकडे कॉन्फिग अंडरस्कोर एच.

गिरगावकर:
तेच. पहिली फाइल वाचताना ते नाव डिफाइन झालं, दुसरी उघडली तेव्हा ते आधीच डिफाइन्ड, म्हणून एंडिफपर्यंतचं सगळं गाळलं आणि ते गाळणं नियमाप्रमाणेच असल्यामुळे वॉर्निंगही नाही. दादर स्टेशनला नाही का, वेस्टर्नचा एक नंबर प्लॅटफॉर्म वेगळा आणि सेंट्रलचा एक नंबर वेगळा, पुलावर माणसं विचारत फिरायची, शेवटी डिसेंबर 2023 मध्ये सेंट्रलचे नंबर आठपासून पुढे केले. तसंच कर, गार्डमध्ये फोल्डरचं नाव घाल, सेन्सर कॉन्फिग एच आणि डिस्प्ले कॉन्फिग एच. फाइलची नावं तशीच राहिली तरी चालेल. आणि दोन्हीत एकाच नावाचे मॅक्रो (हॅश डिफाइनने ठरवलेली नावं) असतील तर तेही बघ, त्यांना फोल्डर वगैरे काही कळत नाही.

ठाणेकर:
हे माझ्या लक्षातच आलं नाही, बरोबर पकडलंत. गार्डऐवजी प्राग्मा वन्स (ही फाइल एकदाच घे असं कंपायलरला सांगणारी ओळ) टाकलं तर नावाचा प्रश्नच येत नाही, मी नवीन कोडमध्ये तेच वापरतो.

गिरगावकर:
चालेल, फक्त ते स्टँडर्डमध्ये नाही, पण नेहमीचे कंपायलर घेतात. मी गार्डच लिहितो, पाथवरून नाव ठेवलं की झालं.

घाटकोपरकर:
चाललं!! खूप खूप आभार दोघांचे. पार्टनरच्या फोल्डरात अजून तीन हेडर निघाल्या, तिन्हीत हाच गार्ड, तो एकच फाइल कॉपी करून नवीन बनवत होता. त्याला आत्ताच फोन केला, सगळ्या बदलतोय.