चार नगरसेवक, जाब कोणाला विचारायचा?

बी-204 ताई: आज सकाळी गेटसमोरच्या चारीत शाळेची रिक्षा फसली. आत सहा लेकरं होती. पाईपलाईनसाठी खोदलं, त्याच काळ्या मातीनं बुजवलं, वर डांबर पडलंच नाही. पाऊस झाला की चिखल, ऊन पडलं की भेगा. टेप लावून मोजलं, नऊ इंच खोल आहे. फोटो टाकतेय.

ए-102 अप्पा: लेकरं बरी आहेत ना?

बी-204 ताई: बरी आहेत अप्पा. वॉचमनदादांनी एकेकाला उचलून बाहेर काढलं.

सी-301 भाऊ: मी लगेच नगरसेवकांना फोन लावले. एक म्हणाले, रस्त्याचं काम दुसरे बघतात. दुसरे म्हणाले, निधी नाही. तिसऱ्यांचा फोन त्यांच्या माणसानं उचलला, साहेब लग्नात आहेत. चौथ्यांचा प्रचारपत्रकावरचा नंबर आता बंद येतो. चौघांना मत दिलं आपण, चार वेळा बटण दाबलं!

ए-403 दादा: म्हणून सांगत होतो, नोटा दाबा. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक, असं राज्य निवडणूक आयोगानं स्थानिक निवडणुकांसाठी 2018 मध्येच ठरवलंय.

बी-204 ताई: दादा, राग समजतो. पण नोटा एका दिवसाचं काम. पुढची पाच वर्षं त्यांना समोर बसवून विचारणार कुठे?

सी-105 नाना: ताईंनी नेमकं बोट ठेवलं. जळगाव घ्या की धुळे, 2018 नंतर महापालिकेचं मतदान थेट जानेवारी 2026 ला झालं. पाच वर्षांची मुदत संपल्यावर मधली दोन वर्षं प्रशासक. तेव्हा म्हणायचो, नगरसेवकच नाहीत तर बोलायचं कोणाशी. आता आहेत, तरी तेच.

माझं गाव चोपडा तालुक्यात. तिथे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. माझे थोरले बंधू पाण्याच्या टाकीचा हिशोब घेऊन सरपंचासमोर उभे राहतात, आणि सरपंचाला सगळ्या गावासमोर तोंड उघडावं लागतं. शहरात आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि विचारायला ओटासुद्धा नाही. हे मला फार लागतं.

महापालिका कायद्यात 2009 च्या दुरुस्तीनं क्षेत्रसभा आली आहे. मतदान केंद्रांनुसार परिसर ठरवायचे आणि नगरसेवकानं त्या परिसरातल्या मतदारांची सभा घ्यायची. इथे राहून मला चौदा वर्षं झाली, एकदाही निरोप आला नाही. तुमच्यापैकी कोणाला आला?

डी-202 वहिनी: नाही नाना. असं काही असतं हेच आज कळलं.

सी-301 भाऊ: मग खड्ड्याचा अर्ज नको, सभेचाच अर्ज देऊ. खड्डा बुजवतील, पुढच्या महिन्यात दुसरीकडे खोदतील.

बी-204 ताई: खड्ड्याचाही द्यायचा भाऊ. उद्या तीच रिक्षा इथूनच जाणार आहे.

सी-105 नाना: दोन्ही देऊ, वेगवेगळे. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी मागू: आपल्या प्रभागात आजवर किती क्षेत्रसभा झाल्या, त्यांची इतिवृत्तं, आणि या चारीचं काम ज्या कार्यादेशानं दिलं त्याची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील मी स्वतः लिहीन. आणि अर्ज हातात देऊन सुटायचं नाही, आवक क्रमांक घ्यायचा.

ए-403 दादा: नाना, मी येतो सोबत. सोमवारी सुट्टी टाकतो.

डी-202 वहिनी: शेजारच्या दोन कॉलन्यांच्या ग्रुपवर पण टाकू का? त्यांचीही तीच चारी आहे.

बी-204 ताई: टाका वहिनी. पक्षाचं नाव कुठेच नको, फक्त पत्ता आणि सही.

ए-102 अप्पा: आमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, "मत मांगाले समदा येतस, मंग कोनी ढुकीसन बी दखत नही. मन्हा बी अंगठा ले." अंगठा चालेल का नाना?

सी-105 नाना: चालेल अप्पा. पहिला त्यांचाच घेऊ. शाईचं पॅड आहे माझ्याकडे, संध्याकाळी येतो.