जंतूंना औषधाची 'सवय' होते म्हणजे नक्की काय होतं?

निशाचर: अँटिबायोटिक फार वापरलं की जंतूंना सवय होते म्हणतात. म्हणजे औषध आलं की जंतू स्वतःला बदलून घेतो का? मग गरज पडली की बदल होतो, असंच झालं ना? मला हे काही केल्या पटत नाहीये.

पानगळ: नाही हो, 'सवय' या शब्दानेच सगळा घोळ होतो. जंतू काही शिकत नाही, लाखोंमध्ये एखाद्यात आधीच म्युटेशन, म्हणजे जीनमधला आपोआप झालेला बदल, झालेलं असतं, औषधाने बाकीचे मेले की तोच उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ जोडप्याने हे दाखवलं, बशीतल्या जंतूंवर मखमलीचं कापड अलगद दाबायचं आणि तोच ठसा औषध घातलेल्या बशांवर उठवायचा, बस्स. प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी जंतू वाढले, म्हणजे तग धरणारे औषध न बघताच तयार होते! फार सुंदर प्रयोग आहे हा.

निशाचर: अच्छा! मग सगळा नशिबाचाच खेळ?

उंबरठा: म्युटेशन कुठे होईल ते नशीब, पण कोण टिकेल ते नाही. रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञाने १९८८ पासून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या १२ वसाहती वाढवल्यात, सुमारे ३१,५०० पिढ्यांनी एकीला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट (लिंबात असतं तसलं द्रव्य) खाता यायला लागलं, जे या जंतूला एरवी जमत नाही. सायट्रेट सगळ्यांसमोरच होतं. गरजेने बदल होत असता तर बाकीच्या ११ का थांबल्या असत्या?

पानगळ: आणि हो, जंतू शेजाऱ्याकडून तयार जीनसुद्धा घेतात, ते राहिलंच सांगायचं.